वर जायच्या आधी

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

परवा बाबांनी नुसतं "बरं" म्हणून फोन आईकडे दिला. डेपोत कुणाशी वाजलं की घरी येऊन तुम्ही असंच "बरं" म्हणायचात, त्यामुळे कळायचं ते कळलं. फोनवर मागे रांग असते, सगळं बोलता येत नाही. म्हणून हे पत्र.

होय, सियाचिन ग्लेशियरवर जायला नाव मीच दिलं. बाबांच्या हार्टचं साहेबांना ठाऊक होतं, त्यांनी स्वतःच विचारलं, खाली बेस कॅम्पला स्टोअर सांभाळतोस का. मी वर जातो म्हणालो. आई म्हणते, सांगायचं होतंस ना घरी म्हातारी माणसं आहेत. आई, इथे प्रत्येकाच्या घरी म्हातारी माणसं आहेत.

कारण सांगतो. ग्लेशियरवर चालताना आम्ही सगळे एका दोराला बांधलेले असतो. वरून सपाट दिसणाऱ्या बर्फाखाली भेगा असतात. दोरावरचा एक जण आत गेला, तर बाकीच्यांनी त्याच क्षणी आडवं पडून आइस अ‍ॅक्स रोवायची. बॅटल स्कूलमध्ये हे सगळ्यांकडून घोटून घेतात, पण आमच्या पार्टीतल्या निम्म्या पोरांनी बर्फ पाहिलाच मुळी यंदा. ऊन चढलं की बर्फ भुसभुशीत होतो, म्हणून रात्री निघून उजाडल्यावर लवकर पोचायचं, हे पुस्तकात असतंच. पण दमलेलं पोरगं "बसतो जरा" म्हणालं की त्याला बसू द्यायचं नाही, हे आधी जाऊन आलेल्यालाच कळतं. बाबा, नवा ड्रायव्हर पहिल्यांदा आंबेनळी घाटात निघाला की ड्युटी नसतानाही तुम्ही त्याच्या शेजारी जाऊन बसायचात. तुम्हाला कुणी सांगितलं होतं?

भत्ता चांगला आहे आणि त्यात विहिरीचं कर्ज फिटेल, हेही खरं. पण तेवढ्यासाठी गेला असं तात्यांना बोलू देऊ नका.

आई, गोळीबाराची काळजी करू नकोस. 25 नोव्हेंबर 2003 पासून तिथे तो बंद आहे. राहिली थंडी. 1984 साली पहिली माणसं वर गेली तेव्हा त्यांच्याकडे धड कपडेही पुरेसे नव्हते. आता बूट, तीन थरांचे मोजे, पिसांचा कोट, झोपायची पिशवी, सगळं सरकारी आणि चांगलं. राहायला फायबरच्या खोल्या, आत रॉकेलची बुखारी, म्हणजे ऊब द्यायची शेगडी. तिची काजळी नाकात जाते तेवढंच. एकदम वर नेत नाहीत. आधी 6 दिवस खालच्या उंचीवर, मग थोडं वर 4 दिवस, मग आणखी 4, असं शरीराला सवय लावत नेतात. 18,000 फुटांच्या वर हवा गावाकडच्या जेमतेम निम्मी, म्हणून सगळं सावकाश करायचं. मला घाई कधी होती?

भूक जरा कमी लागते. रेशन भरपूर असतं, काजू-बदाम, चॉकलेट, डबाबंद भाज्या. तुझी शेंगदाण्याची चटणी वर नेतोय, ती गोठत नाही. पेढे मागच्या वेळी दगड झाले होते, ते पाठवू नकोस. अंघोळीचं विचारू नकोस, उत्तर तुला आवडणार नाही.

रोज झोपायच्या आधी मोजे काढून एकमेकांचे पाय तपासायचा नियम आहे. बोट पांढरं पडलंय का, मुंगी येते का, ते बघायचं. मी पोरांचे पाय हातात घेतले की तू आठवतेस. उसातून आल्यावर चुलीपुढं बसवून माझे तळवे उजेडात धरायचीस, काटा दिसला की आधी पाठीत धपाटा आणि मग सुई. अजून मला सुईचीच भीती वाटते, हे इथे कुणाला माहीत नाही.

आता टीव्हीचं. 2016 ला सोनम पोस्टवर एव्हलांच आली तेव्हा तू दिवसेंदिवस टीव्हीपुढून हलली नव्हतीस. बर्फाखाली गाडला गेलेला जवान हणमंतप्पा 6 दिवसांनी जिवंत सापडला म्हणून देवापुढं साखर ठेवलीस, आणि तो दिल्लीत वारला त्या दिवशी जेवली नाहीस. मी तेव्हा राजस्थानात होतो, तरी. यंदा बातम्या लावायच्या नाहीत. काही असलं तर युनिट घरी कळवतं, टीव्हीवाल्यांच्या आधी. हवामान बिघडलं की हेलिकॉप्टर येत नाही, फोनही होत नाही. पंधरा-वीस दिवस माझा आवाज आला नाही तर हवा खराब आहे एवढंच समजायचं.

ओपी बाबा म्हणजे ग्लेशियर राखणारा सैनिक, असं इथे मानतात. वर जाताना त्याच्या मंदिरात रिपोर्ट द्यायची इथे रीत आहे, खाली आल्यावरही द्यायचा. कालच जाऊन आलो, पालीचा भंडाराही तिथे वाहिला. तुझा देव आणि आमचा देव, दोघांनाही सांगून ठेवलंय.

बाबा, रात्रीची लाइट आली म्हणून मोटर चालू करायला एकट्यानं जायचं नाही. उसात बिबट्या आहे, गडी ठेवा, पैसे मी देतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन या महिन्यात झालंच पाहिजे, तारीख तुमच्या सुनेनं घेतली आहे, तिच्याशी वाद घालू नका. रक्त पातळ करायची गोळी बरं वाटतंय म्हणून सोडायची नाही. आणि आई, शुगर असताना गुरुवार कडक धरणं बंद. देवाला मी सांगितलंय.

कपाटात निळ्या फाइलीत बँकेचे आणि विम्याचे कागद लावून ठेवलेत. वर जाताना सगळ्यांकडूनच ते नीट करून घेतात, पोस्टिंग बदललं की करतो तसंच, त्यात वेगळं काही नाही. फाइल कुठे आहे एवढं फक्त दोघांना माहीत असू द्या.

उत्तर लिहिताना पत्त्यावर माझा नंबर, युनिटचं नाव आणि द्वारा 56 ए.पी.ओ. एवढंच. बाबा, पत्र तुम्ही लिहायचं. आईचं आईनं वेगळं.

तुमचा,
बाळू

ता. क. पोरीला सायकल घेऊन द्या, पण हायवेला एकटीला सोडू नका. मी आलो की शिकवीन म्हणून थांबवून ठेवू नका, तुम्हीच शिकवा.