पर्वरीच्या मैदानांची कुलपे कोण उघडणार?

संपादक महोदय,

शारीरिक शिक्षणाचा शिक्षक म्हणून नोकरी करून मी निवृत्त झालो असून गोव्यातील पर्वरीच्या सुकूर भागात राहतो. मागच्या महिन्यात एका सायंकाळी पाचच्या सुमारास आमच्या वसाहतीतील सात-आठ मुले फुटबॉल घेऊन बाहेर पडली आणि मीही फिरायला त्याच वाटेने निघालो होतो. आदल्या आठवड्यापर्यंत ती ज्या मोकळ्या भूखंडावर खेळत होती, तेथे चिऱ्यांचे ट्रक रिकामे झाले होते आणि भोवती पत्रे लागले होते. मुले तेथून जवळच्या एका विद्यालयाकडे वळली. फाटकाला कुलूप, आत दोन्ही बाजूंना गोलपोस्ट उभे आणि मध्ये गुडघाभर गवत. वॉचमनने सौम्यपणे सांगितले की, वरून आदेश असल्याशिवाय फाटक उघडता येत नाही. शेवटी मुलांनी आतल्या रस्त्यावरच चपलांचे गोल मांडले. महामार्गावरील उड्डाणपुलाच्या कामामुळे या आतल्या रस्त्यांवरही वाहने वाढली आहेत, त्यामुळे दर मिनिटाला कोणीतरी ‘गाडी!’ म्हणून ओरडायचे आणि सगळे कडेला व्हायचे. वीसेक मिनिटांत चेंडू एका बंगल्याच्या आवारात गेला आणि खेळ संपला.

गोव्यात क्रीडा सुविधा नाहीत, असे कोणी म्हणू शकणार नाही. २०१४ मध्ये येथे लुसोफोनिया स्पर्धा झाल्या आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२३ मध्ये सदतिसाव्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा. फातोर्डा, बांबोळी, ताळगाव, कांपाल, नावेली, पेडे अशी स्टेडियमची आणि संकुलांची नावे आज शाळकरी मुलालाही पाठ असतात. खुद्द पर्वरीच्या क्रिकेट अकादमीच्या मैदानावर नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या दोन फलंदाजांनी रणजी सामन्यात त्रिशतके ठोकून ६०६ धावांची अभेद्य भागीदारी केली, तेव्हा आम्हा सर्वांची मान उंचावली होती. या वास्तूंविषयी माझी यत्किंचितही तक्रार नाही, कारण स्पर्धेसाठी लागणारी खेळपट्टी कोणालाही तुडवू देता येत नाही, हे मी जाणतो. मात्र राष्ट्रीय स्पर्धेत ज्या लगोरीला प्रात्यक्षिक खेळाचा मान मिळाला, ती सात ठिकऱ्यांची लगोरी रचायला आमच्या वसाहतीत सपाट जागा नाही, याचे हसू येते आणि वाईटही वाटते.

आठ-दहा वर्षांचे मूल पर्वरीहून कांपालला किंवा म्हापशाच्या पेडे संकुलात एकटे जाऊ शकत नाही. त्याला महामार्ग ओलांडून देणारे, स्कूटरवरून नेणारे आणि तासभर थांबणारे कोणीतरी लागते. ज्या घरी आई-वडील दोघेही नोकरीवरून सात वाजता परततात, तेथील मूल साहजिकच मोबाईल हातात घेऊन बसते. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. भाड्याने मिळणारे टर्फ अलीकडे पुष्कळ झाले आहेत. तेथे दिवे असतात, जून ते सप्टेंबर चिखल होत नाही, या गोष्टी चांगल्याच आहेत. परंतु तेथे वर्गणी काढून तास राखून ठेवावा लागतो आणि तो बहुधा मोठे मुलगे राखतात. बारा-तेरा वर्षांच्या मुली त्या वर्गणीत नसतात, लहान भावंडे नसतात आणि वर्गणी देऊ न शकणारा मित्रही नसतो. माझ्या नोकरीच्या काळात मी पाहिलेले बरेच चांगले खेळाडू याच तिसऱ्या गटातले होते.

पूर्वी हा प्रश्न शेताने सोडवला होता. सरद म्हणजे पावसाळी भाताची कापणी झाली की, जेथे वायंगण म्हणजे उन्हाळी पीक नसे तेथील कोपरे मुलांचे होत. सुकलेल्या खोडांवरून अनवाणी पळताना पाय सोलवटत, पण मैदान फुकट असे. क्रिकेटसाठी पठाराचा जांभा होता. आज पठारावर इमारती आहेत आणि खालची बरीच शेते पडीक राहून झुडपांनी भरली आहेत. ते दिवस परत आणा, असे मी म्हणत नाही.

माझी मागणी नव्या स्टेडियमची नसून असलेली कुलपे उघडण्याची आहे. शाळा सुटल्यापासून सायंकाळी सातपर्यंत आणि रविवारी सकाळी विद्यालयांची मैदाने परिसरातील मुलांसाठी खुली करावीत. गोव्यातील बहुसंख्य विद्यालये शासकीय अनुदानावर चालतात, तेव्हा त्यांच्या आवारावर आसपासच्या मुलांचा थोडा हक्क पोहोचतो, असे मला वाटते. मुख्याध्यापकांची बाजूही खरी आहे. मी तिकडच्या खुर्चीतही बसलो आहे. मूल पडले तर जबाबदार कोण, खिडकीची काच फुटली तर भरणार कोण, सोमवारी सकाळी बाटल्या उचलायच्या कोणी, हे प्रश्न उडवून लावण्यासारखे नाहीत. म्हणूनच पंचायत, व्यवस्थापन आणि पालक-शिक्षक संघ यांच्यात लेखी करार व्हावा, वॉचमनचे दोन तासांचे जादा वेतन आणि गवत कापण्याचा खर्च पंचायतीने उचलावा, आणि फाटकावर नोंदवही ठेवून एका प्रौढ व्यक्तीची देखरेख असावी. स्टेडियमच्या तुलनेत हा खर्च किरकोळ आहे.

दुसरी गोष्ट भूखंडांच्या आराखड्यांत सोडलेल्या मोकळ्या जागांची. कागदावर त्या हिरव्या रंगात दिसतात. प्रत्यक्षात कोठे बांधकामाचा राडारोडा असतो, तर कोठे नीटनेटकी बाग करून ‘खेळण्यास मनाई’ असा फलक लावलेला असतो. पंचायतीने या जागांची यादी आणि नकाशा कार्यालयाबाहेर लावावा, म्हणजे कोणती जागा कोणाची हे लोकांना कळेल.

उड्डाणपूल पूर्ण झाल्यावर त्याखालील जागेचे काय करायचे, हा विषयही निघेलच. मुंबईत माटुंग्याच्या पुलाखाली चालण्यासाठी बगीचा केलेला आहे आणि ज्येष्ठांना तो सोयीचा ठरतो. पर्वरीतही ज्येष्ठांसाठी तसे अवश्य करावे. परंतु दोन्ही बाजूंनी धूर येत असताना मुलांना तेथे धावायला पाठवण्यास मी धजणार नाही, त्यामुळे मैदानांचा प्रश्न त्या पुलाखाली ढकलू नये.

येत्या ग्रामसभेसाठी मी वरील मुद्द्यांचा अर्ज पंचायतीत दिला आहे. फाटकावर बसायला माणूस मिळत नाही, असे उत्तर आले, तर आठवड्यातून दोन सायंकाळी शिट्टी घेऊन विनामूल्य बसण्याची माझी तयारी आहे, हेही त्या अर्जात लिहिले आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
सुकूर, पर्वरी (बार्देश)