मायेला पद्धतीची जोड हवी

महोदय,

सेवानिवृत्तांनी विशेष मुलांच्या शाळांना वेळ द्यावा, असे आवाहन वरचेवर केले जाते. ते योग्यच आहे. पण आलेल्या ज्येष्ठांना थेट वर्गात बसवून ‘मुलांशी गप्पा मारा’ एवढेच सांगितले, तर महिन्या-दोन महिन्यांत ते येईनासे होतात. यात दोष शाळेच्या अपुऱ्या तयारीचा.

एका ज्येष्ठाकडे एकच मूल द्यावे. आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, सुरुवातीला 20-25 मिनिटे. स्वमग्न मुलांना अचानक बदल सोसत नाहीत. कधीतरी येऊन तीन तास बसण्यापेक्षा हे कितीतरी बरे. जागा शांत हवी. वयोमानाने आधी उच्च स्वर ऐकू येणे कमी होते, ‘स’, ‘फ’ अशी व्यंजने निसटतात. त्यात मुलाचे उच्चार अस्पष्ट असले, तर गोंगाटात दोघांचाही विरस होतो.

ज्येष्ठांची नेहमीची चूक मायेपोटी होते. मुलाला जमत नाही असे दिसले, की ते पटकन स्वतः करून देतात. बटण लावण्याचेच घ्या. मोठे चपटे बटण आणि सैलसर काज असलेला शर्ट टेबलावर पसरावा. बटण काजातून अर्धे आपण काढावे, उरलेले मुलाला ओढू द्यावे. शेवटची पायरी त्याच्या हातून होते, त्यामुळे काम फत्ते केल्याचा आनंद लगेच मिळतो. ते सलग जमू लागले, की त्याआधीची पायरीही त्याच्याकडे सोपवावी. सूचना एकदाच, मोजक्या शब्दांत: ‘बटण ओढ’. मग मनात दहापर्यंत आकडे मोजावेत. एवढा वेळ गप्प राहणे भल्याभल्यांना जड जाते, पण सारी मदार त्यावरच आहे. ऐकलेले उमजून हात हलवायला अनेक मुलांना तेवढा अवधी लागतो. मध्येच वेगळ्या शब्दांत सांगितले, की त्यांचा गोंधळ उडतो. तरीही जमले नाही, तर बोटाने खूण करावी, मग करून दाखवावे. हाताला धरणे अगदी शेवटी, तेही मूल राजी असेल तरच.

पालकांना विचारल्याशिवाय खाऊ देऊ नये. अपस्माराच्या काही मुलांना कीटोजेनिक, म्हणजे भरपूर स्निग्ध आणि अत्यल्प पिष्ट-साखर असलेला, आहार असतो. थोड्या गोडानेही तो बिघडू शकतो. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे हालचालींवर ताबा कमी असणे) असलेल्या काही मुलांना गिळताना त्रास होतो, घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. अपस्माराचा झटका आला तर मुलाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, तोंडात काहीही घालू नये आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत थांबला नाही, तर रुग्णवाहिका बोलवावी. हे सारे पहिल्या भेटीआधीच शिकवायला हवे.

मुलाला उचलणे, शौचाला नेणे हे कर्मचाऱ्यांचे काम. भेटी इतरांच्या नजरेसमोर व्हाव्यात आणि वयाकडे पाहून कुणालाही पार्श्वभूमीच्या पडताळणीतून सूट मिळू नये.

ज्येष्ठ येणे बंद करणार असतील, तर तीन-चार भेटी आधीच मुलाच्या चित्रांच्या वेळापत्रकात शेवटची भेट दाखवावी. त्यातल्या एक-दोन भेटींना नव्या व्यक्तीला सोबत बसवावे आणि मूल कोणत्या पायरीवर आहे, कोणते शब्द वापरले जातात, कशाने ते बिथरते, हे कागदावर लिहून तिच्या हाती द्यावे.

– एक विशेष शिक्षिका