प्लास्टर रूममधल्या मामांना

मामा, सप्रेम नमस्कार.

लेकीच्या खुब्याचं ऑपरेशन केलं डॉक्टरांनी, त्यांचे आभार पेढ्यांसकट मानून झालेत. पण डिस्चार्जनंतर सातपूरच्या आमच्या दोन खोल्यांत जे निभावलं, ते तुमच्या जिवावर.

आमची लेक पायाळू, त्यात पहिलीच मुलगी. अशा बाळाचे खुबे पहिल्या काही आठवड्यांतच सोनोग्राफीने बघून घ्यायचे असतात, हे आम्हाला एक्स-रे हातात पडल्यावर कळलं. चालायला लागली तीच बदकासारखी झुलत. दुखत काहीच नव्हतं, त्यामुळे जो तो म्हणे, "होईल हळूहळू." एक डॉक्टरही तेच म्हणाले होते. खुबा सरकलेला आहे हे सहा महिन्यांच्या आत लक्षात आलं तर बहुतेक बाळांचं पाय दुमडून ठेवणाऱ्या पट्ट्यांवर भागतं. दीड वर्ष उलटल्यावर मात्र खुबा उघडून मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या वाटीत बसवावा लागला. वाटीही उथळ, म्हणून वाटीच्या वरचं हाड कापून वाटी पुढे कलवली, फटीत तिच्याच कमरेच्या हाडाची पाचर आणि वर पिना. सॉल्टर ऑस्टिओटॉमी. टोरांटोच्या डॉ. रॉबर्ट सॉल्टर यांनी १९६१ साली मांडलेली ही पद्धत अजून चालते, याचाच त्या दिवसांत मोठा धीर वाटला.

आणि मग ते प्लास्टर! छातीखालून थेट एका पायाच्या घोट्यापर्यंत, दुसऱ्या पायाला गुडघ्याच्या वरपर्यंत, मध्ये आडवी काठी. मी काठीला धरून उचलायला गेले तर तुम्ही केवढ्यांदा ओरडलात, "ताई, ते हँडल नाही!" मग स्वतः दाखवलंत: एक हात पाठीखाली, एक बुडाखाली. लहान डायपर प्लास्टरच्या आत खोचायचा, वरून मोठा बांधायचा. कडांना चिकटपट्टीच्या पाकळ्या लावायच्या. दर दोन-तीन तासांनी कूस बदलायची, पालथं घालताना छातीखाली उशी. खाज सुटली तर आत सुई, पट्टी काहीही घालायचं नाही, गार हवा सोडायची. ऐन एप्रिलचा उकाडा, पण कातडीवर एक फोड आला नाही. फॉलो-अपला डॉक्टरांनी विचारलं, "कोणी शिकवलं?" तुमचंच नाव सांगितलं.

प्लास्टर कापायच्या दिवशी मशीनच्या आवाजाने ती किंचाळायला लागली. तुम्ही ते चालू पातं आधी स्वतःच्या तळहाताला लावलंत, मग माझ्या. पातं गोल फिरत नाही, नुसतं थरथरतं, हे तिला काय कळणार? पण तुमचा हात शाबूत बघून गप्प झाली. बाहेर अजून तिघं ताटकळत होते, तरी तुम्ही घाई केली नाहीत.

आता ती पळते. थकली की जरा लंगडते, ते जाईल म्हणाले आहेत. एक्स-रे मात्र वाढ पूर्ण होईपर्यंत काढत राहायचे आहेत.

पुढच्या महिन्यात पिना काढायला येतोय. तुम्हाला शुगर आहे असं सिस्टर म्हणाल्या, म्हणून पेढे नाही, चिवडा आणते.

तुमची,
सातपूरची ताई