आजारी मुलांना नंबराप्रमाणे नव्हे, आजाराप्रमाणे तपासावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सर्दी-तापाची साथ सुरू झाली की मुलांच्या दवाखान्यात पाय ठेवायला जागा उरत नाही, हे घरात लहान मूल असणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. गर्दीबद्दल माझी तक्रार नाही. साथ म्हटली की गर्दी होणारच. तक्रार आहे ती त्या गर्दीतून डॉक्टरांपर्यंत कोणी आधी पोहोचायचे, हे केवळ वहीतल्या नंबरावरून ठरते याबद्दल.

गेल्या साथीत माझ्या आठ महिन्यांच्या नातीला घेऊन मी आणि माझी सून अशाच एका दवाखान्यात बसलो होतो. आमचा नंबर एकतिसावा आणि आत अकरावा चालू होता. सर्दीचा तो चौथा दिवस होता, आणि आदल्या रात्रीपासून तिने दूध ओढणे जवळजवळ सोडून दिले होते. झबले वर करून पाहिले तर पोट उडत होते आणि प्रत्येक श्वासाला बरगड्यांखालचा भाग आत खेचला जात होता. खिडकीपाशी बसलेल्या मदतनिसाला मी हे सांगितले, तेव्हा वहीतून मान वर न करता तो म्हणाला, ‘‘आजी, सगळ्यांचीच मुलं आजारी आहेत.’’ त्याचे म्हणणे खोटे नव्हते. अखेर तेराव्या नंबरावरच्या मुलाची आई उठून आली, तिने नातीकडे एकदा नीट पाहिले आणि स्वतःचा नंबर आम्हाला देऊन टाकला. नातीला त्याच दुपारी रुग्णालयात दाखल करून ऑक्सिजन लावावा लागला. फुफ्फुसातल्या अगदी बारीक श्वासनलिकांना सूज आली होती. तान्ह्या मुलांमध्ये हा आजार बहुतेकदा ‘आरएसव्ही’ नावाच्या विषाणूमुळे होतो, साध्या सर्दीसारखा सुरू होतो आणि तिसऱ्या ते पाचव्या दिवसांत सर्वाधिक बळावतो, हे मला नंतर कळले.

जे त्या आईला दिसले, ते दारातच दिसायला हवे होते. त्यासाठी डॉक्टर लागत नाही की यंत्र लागत नाही. मूल शांत असताना त्याचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार दोन महिन्यांच्या आतील बाळाचे मिनिटाला 60 किंवा अधिक, दोन ते अकरा महिन्यांच्या बाळाचे 50 किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे 40 किंवा अधिक श्वास होत असतील, तर तो वेग जास्त समजतात. छाती आत ओढली जाते का, मूल काही पिते का, झटके आले का, हाक मारल्यावर ते डोळे उघडून पाहते का, एवढे त्यासोबत पाहिले की नंबर कोणाचा मोडायचा हे ठरवता येते. याच संघटनेची मुलांसाठीची पद्धत आल्या आल्या त्यांचे तीन गट करते: तत्काळ उपचार हवेत ती, रांगेत पुढे घ्यायची ती आणि थांबू शकतील ती. मलावीतील ब्लँटायर येथील एका मोठ्या रुग्णालयाने अशी निवड आणि तातडीचे उपचार यांची घडी नीट बसवली, तेव्हा तिथे दाखल मुलांमधील मृत्यूचे प्रमाण 10 ते 18 टक्क्यांवरून 6 ते 8 टक्क्यांवर आले. साधनांची चणचण असलेल्या रुग्णालयाला हे जमले, हे मुद्दाम नमूद करते.

यावर एक आक्षेप मी स्वतः ऐकला आहे, की असे केले तर प्रत्येक पालक आपलेच मूल अत्यवस्थ असल्याचे सांगेल. सांगेलच, मीही सांगितले असते. म्हणून तर विचारायचे नाही, मोजायचे.

आता थोडे आम्हा घरच्यांविषयी. लहान मुलाला वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होणे आणि खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळणे हे नेहमीचेच आहे. शेंबूड हिरवा झाला म्हणजे अँटिबायोटिक हवे, असेही नाही, कारण विषाणूंवर ते चालत नाही. (माझ्या मुलाच्या लहानपणी मी ते डॉक्टरांकडून हट्टाने लिहून घेत असे, हे कबूल करते.) ताप उतरताच खेळू लागणारे मूल एखादा दिवस घरी थांबू शकते, ताप उतरूनही मलूल पडून राहणाऱ्याला मात्र दाखवायलाच हवे. तीन महिन्यांच्या आतील बाळाला 38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप असेल, तर रात्र असो की दिवस, तापाचे औषध देऊन वाट पाहत बसू नये. फ्लूची लस सहा महिन्यांपासून देता येते, पण लहान मुलांना पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. साथ भरात आल्यावर लशीची आठवण होऊन फारसा उपयोग नाही.

आणखी एक. लसीकरणासाठी आणलेली धडधाकट तान्ही बाळे खोकणाऱ्या मुलांना खेटून तासन्‌तास बसवली जातात. त्यांच्यासाठी दिवसातली वेगळी वेळ ठेवणे इतके अवघड का असावे, हे मला समजलेले नाही.

नात बरी झाल्यावर मी डॉक्टरांशी बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि आपल्याकडे दोनच मदतनीस असल्याचे सांगितले. त्यांतला एक फायली शोधतो आणि दुसरा पैसे घेतो. साथीच्या दिवसांत त्या दोघांपैकी एकाला सेकंदकाट्याचे घड्याळ देऊन दाराशी उभे करावे, एवढीच माझी सर्व बालरोगतज्ज्ञांना विनंती आहे.

आपली नम्र,
एक आजी