प्रवासाला निघताना जवळ थोडी रोकड ठेव

रामबाग, इंदूर
12 ऑगस्ट 2025

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तू काकूंना घेऊन ओंकारेश्वरला येतोयस हे ऐकून आईला फार आनंद झाला. उतरायचं आमच्याकडेच, असं तिनं बजावलंय. पण फोनवर तू म्हणालास, ‘रोकड कशाला, मोबाइल आहे ना!’ ते डोक्यातून जाईना, म्हणून हे पत्र.

गेल्या श्रावणात मी आणि आई ओंकारेश्वरहून परतत होतो. बडवाहच्या पुढं एका पंपावर 1,200 रुपयांचं पेट्रोल भरलं. मशीननं कार्ड घेतलं नाही. पुन्हा घातलं, तरी तेच. मग यूपीआय केलं, तर माझ्या खात्यातून पैसे गेले आणि पंपाला पोचलेच नाहीत. अंधार पडलेला, मागं गाड्यांची रांग. पंपावरचा पोरगा गप्प उभा. रात्रीचा हिशेब त्यालाच द्यायचा होता. तेव्हा आईनं कमरेचा बटवा काढला. औषधाच्या रिकाम्या पाकिटात बारीक घडी घालून ठेवलेल्या पाचशेच्या दोन नोटा आणि शंभराच्या दोन. घडीवर त्या इतक्या विरल्या होत्या की पोरानं दिव्याखाली धरून पाहिल्या, मग घेतल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं रे.

अडकलेले पैसे तिसऱ्या दिवशी परत आले. रिझर्व्ह बँकेचा 2019 चा नियमच आहे, असे पैसे 5 दिवसांत परत यायला हवेत, त्यापुढं दिवसाला 100 रुपये भरपाई. नियम चांगलाच आहे, पण त्या रात्री आम्हाला घरी आणलं ते आईच्या बटव्यानं.

तेव्हा तीन-चार हजार घेऊन ये. निम्मे तुझ्याकडे, निम्मे काकूंकडे. आणि सुटे आण, पन्नास-शंभराचे. घाटावरची फुलवाली पाचशेची मोड कुठून आणणार? काकूंच्या डब्यात 2000 ची जुनी नोट असली तर तिच्यावर भिस्त नको. 2023 पासून ती चलनातून काढून घेतलीय, दुकानदार हात लावत नाहीत. कार्डं दोन असतील तर वेगळ्या बँकांची घे, एकीचा सर्व्हर बसला तरी दुसरं चालेल.

आई काकूंसाठी बटवा शिवतेय, जुन्या महेश्वरी साडीच्या काठाचा. आतला चोरकप्पा तेवढा राहिलाय. गाडी किती वाजता पोचते ते कळव, स्टेशनवर येतो.

तुझा,
अविनाश