अमेरिकेतील स्थळाची चौकशी काउंटीच्या दप्तरात करा

संपादक महोदय,

परदेशस्थ स्थळाकडून फसवणूक झाल्याच्या बातमीत शेवटी ‘पालकांनी नीट चौकशी करावी’ असे एक वाक्य ठरलेले असते. चौकशी कुठे करायची, कोणता कागद मागायचा आणि तो कुणाकडे मिळतो, हे मात्र त्यात नसते. मग पालक ओळखीतल्या ओळखीने तिथल्या कुणाला तरी फोन लावतात, ‘मुलगा चांगला आहे, गणपतीला मंडळात येतो’ असे उत्तर येते आणि तेवढ्यावर साखरपुडा उरकला जातो. त्याचे आधी लग्न झाले होते का, घटस्फोट खरोखर मिळाला आहे की नुसता अर्ज पडून आहे, फोटोतले घर कुणाच्या नावावर आहे, या प्रश्नांची उत्तरे बहुतेक वेळा तिथल्या सरकारी दप्तरात असतात. त्यातली बरीचशी कुणालाही मागता येतात, आणि खर्चही मोठा नसतो. मुलीकडच्यांना जेवढी ही चौकशी हवी, तेवढीच मुलाकडच्यांनाही.

पहिली गोष्ट म्हणजे लग्न-घटस्फोटाचे सगळ्या अमेरिकेचे मिळून एक रजिस्टर नाही. हे विषय तिथे राज्यांचे, आणि प्रत्यक्ष दप्तर सांभाळते काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग. अशा काउंटी तीन हजारांवर आहेत. त्यामुळे ‘मुलगा डॅलसकडे असतो’ एवढ्या माहितीवर काहीच शोधता येत नाही. घर क्रमांकासह पूर्ण पत्ता घ्या, आताचाही आणि आधीचेही. शहराच्या नावावरून काउंटी ठरवू नका. टेक्सासमधले फ्रिस्को कॉलिन आणि डेंटन अशा दोन काउंटींत पसरले आहे, शिकागोजवळचे नेपरव्हिल ड्यूपेज आणि विल या दोन्हींत. रस्ता ओलांडला की दप्तर बदलते. शिवाय सगळीकडे काउंटीच असेल असेही नाही. लुइझियानात तिला पॅरिश म्हणतात. कनेक्टिकट, ऱ्होड आयलंड आणि व्हरमाँटमध्ये जमिनीचे दप्तर टाउन क्लार्ककडे, म्हणजे गावाच्या दप्तर-अधिकाऱ्याकडे असते. न्यू जर्सीत लग्नाची नोंद नगरपालिकेच्या रजिस्ट्रारकडे आणि राज्याकडे मिळते, तर न्यूयॉर्क शहरात सिटी क्लार्ककडे.

काउंटी कळली तरी कार्यालय चुकते, आणि सर्वांत जास्त घोटाळा इथेच होतो. टेक्सासमध्ये लग्नाचे लायसन्स (लग्नाआधी काढायचा परवाना) काउंटी क्लार्क देतो, पण घटस्फोटाची फाइल असते कोर्टाचे दप्तर सांभाळणाऱ्या डिस्ट्रिक्ट क्लार्ककडे. कॅलिफोर्नियात लग्नाची नोंद काउंटीच्या क्लार्क-रेकॉर्डरकडे, घटस्फोट त्या काउंटीच्या सुपीरियर कोर्टात. लग्नाच्या खिडकीवर घटस्फोटाची चौकशी केली की ‘नोंद नाही’ असे उत्तर येते, आणि पालक त्याचा अर्थ ‘मुलगा निर्मळ’ असा घेतात. दोन्ही कार्यालयांना वेगवेगळे विचारल्याशिवाय ‘नोंद नाही’ला काही किंमत नाही.

लग्नाच्या नोंदीत आणखी एक खोच आहे. ती राहत्या ठिकाणी सापडत नाही, लायसन्स जिथून काढले तिथे सापडते. लायसन्स दुसऱ्या काउंटीतून, नाहीतर दुसऱ्या राज्यातूनही काढता येते. लास व्हेगासला जाऊन लग्न करणारे पुष्कळ, म्हणून तिथली क्लार्क काउंटी यादीत असायलाच हवी. तिचा आणि ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीचा लग्नाचा शोध नावावरून ऑनलाइन करता येतो. टेक्सासमध्ये राज्याच्या आरोग्य खात्याकडे १९६६पासूनच्या लग्नांची आणि १९६८पासूनच्या घटस्फोटांची सूची आहे. त्यावरून पडताळणीचे पत्र मिळते, त्यामुळे तिथे एकेक काउंटी पालथी घालावी लागत नाही. कॅलिफोर्नियात मात्र ‘कॉन्फिडेन्शियल मॅरेज’ हा प्रकार आहे. त्याची प्रत त्या जोडप्यालाच मिळते, बाहेरच्याला कोर्टाच्या आदेशाशिवाय त्यातली तारीख किंवा तपशील मिळत नाही. आणि भारतात झालेले लग्न तिथल्या कुठल्याच काउंटीत नसते. म्हणजे नोंद सापडली तर तो पुरावा, पण सापडली नाही म्हणून माणूस अविवाहित ठरत नाही. नोटरीसमोर केलेल्या ‘मी अविवाहित आहे’ या प्रतिज्ञापत्राचेही तसेच. ते त्याचे स्वतःचे म्हणणे असते. सही कुणाची एवढेच नोटरी बघतो, मजकूर खरा की खोटा हे नाही.

आता नावाकडे येऊ, कारण शोध फसतो तो बहुधा नावापाशी. तिथल्या सूचीत आधी आडनाव, मग नाव. आपले तीन पदरी नाव त्या चौकटीत गेले की मधले वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव कधी मिडल नेम होते, कधी आडनावच होऊन बसते. पासपोर्टात आडनावाचा रकाना रिकामा असेल तर अमेरिकी व्हिसावर पूर्ण नाव आडनावाच्या जागी जाते आणि नावाच्या जागी ‘एफएनयू’ (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे नाव अज्ञात) अशी तीन अक्षरे पडतात. तेव्हा तसाही शोध घ्या. स्पेलिंगचे सगळे पर्याय कागदावर लिहून काढा: वाघमारेंचा व ‘व्ही’ने की ‘डब्ल्यू’ने, दीक्षितांमध्ये ‘एक्स’ की ‘के-एस-एच’, भोसल्यांच्या ‘एस’नंतर ‘ए’ आहे की नाही. आडनावाची पहिली चार अक्षरेच टाकून पाहणे उत्तम. काही ठिकाणी पुढे तारांकन किंवा टक्क्याची खूण द्यावी लागते. स्त्रीचे नाव माहेरच्या आणि सासरच्या दोन्ही आडनावांनी शोधा. तारखांचा काळ अमेरिकेत पाऊल ठेवल्याच्या वर्षापासून आजपर्यंतचा द्या. वेबसाइटने आपोआप भरलेला काळ तसाच ठेवला तर तेवढ्यातच शोध होतो. ऑनलाइन सूची कोणत्या वर्षापासूनची आहे हे पानावर कुठेतरी बारीक अक्षरांत दिलेले असते, तेही वाचा.

घटस्फोटाचा शोध तुलनेने सोपा, कारण तिथे राहण्याची अट असते. टेक्सासमध्ये अर्ज करणारा किंवा जोडीदार राज्यात सहा महिने आणि त्या काउंटीत ९० दिवस राहिलेला असावा लागतो, कॅलिफोर्नियात राज्यात सहा महिने आणि काउंटीत तीन महिने. म्हणून दोघांच्या जुन्या पत्त्यांच्या काउंटी तपासल्या की फाइल सहसा सापडते. पण फाइल सापडणे आणि घटस्फोट होणे यांत अंतर आहे. टेक्सासमध्ये अर्जानंतर निदान ६० दिवस, कॅलिफोर्नियात समोरच्याला कागद बजावल्यापासून निदान सहा महिने जावे लागतात, आणि वाद असला तर वर्षेही जातात. नुसत्या अर्जाची प्रत ‘डिव्होर्स पेपर्स’ म्हणून दाखवली जाते ती या मधल्या काळातली. टेक्सासचा असेल तर ‘फायनल डिक्री’ (अंतिम हुकूमनामा) मागा आणि शेवटच्या पानावर न्यायाधीशाची सही व तारीख बघा.

कॅलिफोर्नियाचा असेल तर एफएल-१८० क्रमांकाचा निकालाचा फॉर्म मागा. त्यावर वरच डिसोल्यूशन (घटस्फोट), लीगल सेपरेशन (कायदेशीर विभक्तता) आणि नलिटी (लग्न रद्दबातल) असे वेगवेगळे चौकोन असतात. खूण लीगल सेपरेशनवर असेल तर लग्न अजून कायम आहे. त्याच भागात वैवाहिक संबंध कोणत्या तारखेला संपतो हेही लिहिलेले असते. ती तारीख पुढची असेल तर तोवर दुसरे लग्न करता येत नाही. या राज्यात कौटुंबिक खटल्याचे कागद इंटरनेटवर उघडता येत नाहीत. घडामोडींची यादी दिसते, कागद कोर्टाच्या काउंटरवर बघायचे किंवा प्रत मागवायची. न्यूयॉर्कमध्ये तर घटस्फोटाची फाइल पक्षकार आणि त्यांच्या वकिलांखेरीज कुणाला दाखवत नाहीत. तिथे एकच मार्ग, प्रमाणित प्रत त्यानेच काढून द्यायची.

आणि अमेरिकी घटस्फोट भारतात चालेलच असे धरू नका. वाय. नरसिंह राव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९१मध्ये हे स्पष्ट केले. लग्न तिरुपतीला झाले होते, घटस्फोट दिला होता मिझुरीतल्या सेंट लुई काउंटीच्या सर्किट कोर्टाने, आणि नवऱ्याने पुढे दुसरे लग्न केल्याने पहिल्या पत्नीने द्विभार्या-गुन्ह्याची फिर्याद केली होती. ज्या कायद्याखाली लग्न झाले त्यात ते कारण बसत नसेल आणि दुसऱ्या पक्षाने स्वेच्छेने त्या कोर्टापुढे येऊन ते मानले नसेल, तर तो निवाडा इथे मान्य नाही, असे न्यायालयाने म्हटले. निवाड्याच्या साध्या फोटोप्रतीवरही पुरावा म्हणून विसंबता येत नाही, हेही त्यातच आहे. म्हणून निकालात पहिली पत्नी हजर होती का, तिची सही किंवा वकील आहे का, हे वाचून घ्या आणि लग्न ठरवण्यापूर्वी ते कागद इथल्या कौटुंबिक वकिलाला दाखवा.

घराचे थोडक्यात. काउंटी असेसरच्या, म्हणजे करासाठी घराचे मूल्य ठरवणाऱ्या कार्यालयाच्या, आणि टेक्सासमध्ये अप्रेझल डिस्ट्रिक्टच्या साइटवर पत्ता टाकला की पार्सल (भूखंड) क्रमांक आणि कराचे मूल्य दिसते. टेक्सासमध्ये बहुधा मालकाचे नावही दिसते, कॅलिफोर्नियातल्या बऱ्याच काउंटी ते ऑनलाइन देत नाहीत. मग रेकॉर्डरच्या ग्रँटर-ग्रँटी (मालमत्ता देणारा-घेणारा) सूचीत नाव शोधायचे. ‘डीड ऑफ ट्रस्ट’ दिसले म्हणून ते मालकीपत्र समजू नका. तो कर्जाचा गहाण कागद असतो. टेक्सासचा काउंटी क्लार्क अशा कागदाला पानामागे एक डॉलर घेतो, प्रमाणित प्रत हवी असल्यास वर पाच डॉलर.

अर्ज करताना ‘फ्रीडम ऑफ इन्फर्मेशन ॲक्ट’चे, म्हणजे तिथल्या माहिती अधिकार कायद्याचे, नाव घालू नका. तो संघराज्य सरकारच्या खात्यांपुरता आहे. काउंटीला त्या त्या राज्याचा कायदा लागतो. कॅलिफोर्नियात १० दिवसांत, न्यू जर्सीत कामाच्या सात दिवसांत उत्तर अपेक्षित असते. व्हर्जिनियाचा कायदा मात्र त्या राज्याच्या नागरिकांपुरताच आहे आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३मध्ये ही अट वैध ठरवली. पण आपल्या कामाला या कायद्यांची फारशी गरजच पडत नाही. लग्न, घर आणि कोर्टाच्या कागदांसाठी त्या त्या कार्यालयाचा साधा प्रत-मागणीचा फॉर्म असतो. त्यात दोघांची नावे, अंदाजे वर्ष, असल्यास केस किंवा दस्त क्रमांक आणि साधी प्रत की प्रमाणित, एवढे नेमके लिहा. ‘याच्याबद्दल जे असेल ते पाठवा’ अशी मागणी परत येते. कॅलिफोर्नियात लग्नाची ‘इन्फर्मेशनल’ प्रत कुणालाही मिळते. ओळखीचा पुरावा म्हणून ती चालत नाही असे तिच्यावर छापलेले असते, पण पडताळणीला ती पुरते.

भारतातून अडते ते पैशांवर. टपालाने अर्ज केल्यास पुष्कळ कार्यालये अमेरिकी बँकेचा चेक किंवा मनीऑर्डरच घेतात, आणि परतीच्या पाकिटाला अमेरिकी तिकिटे लागतात. कार्डाने भरायची सोय आहे का ते आधी ई-मेलने विचारा, नसेल तर तिथल्या विश्वासातल्या नातेवाइकाकडून अर्ज टाका. नावावरून ‘संपूर्ण इतिहास’ विकणाऱ्या खासगी वेबसाइटवर पैसे घालवू नका. त्या एकाच आडनावाच्या दोन माणसांची माहिती एकत्र करतात, आणि लग्न-घटस्फोटाची कार्यालयीन प्रत त्यांच्याकडे नसतेच.

कागद इथे वापरायचा असेल तर क्लार्कच्या शिक्क्याच्या प्रमाणित प्रतीवर त्याच राज्याच्या, सहसा सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या, कार्यालयाकडून अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीचे प्रमाणपत्र लागते. भारतात ते २००५पासून चालते. झेरॉक्सवर नोटरीचा शिक्का मारून हे काम होत नाही, आणि काउंटीचा कागद वॉशिंग्टनच्या परराष्ट्र खात्याकडे पाठवला तर तो परत येतो. प्रत लॅमिनेट करू नका, तिचे स्टेपलही काढू नका.

हे सगळे लपूनछपून करायची गरज नाही. पहिल्या बैठकीनंतर सरळ सांगा की आधीच्या लग्नाची आणि घटस्फोटाची प्रमाणित प्रत हवी, आणि आमच्या मुलीचीही जी लागेल ती देऊ. प्रत आली की त्यावरचा केस क्रमांक त्या कोर्टाच्या क्लार्ककडून स्वतः पडताळून घ्या. टपाल आणि अपॉस्टिल धरून याला काही आठवडे जातात, म्हणून हॉलची तारीख घेण्याआधीच अर्ज टाका.

आपला,
एक वाचक, पुणे