जुन्या गोव्याच्या विनोदी सहलीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

जुन्या गोव्यातील आपल्या ‘केवळ प्रौढांसाठी’ असलेल्या विनोदी सहलीस गेल्या शुक्रवारी मी, माझी पत्नी आणि कोल्हापूरहून आलेले माझे साडू व मेहुणी असे चौघे जण माणशी १,५०० रुपये भरून आलो होतो. त्या सहलीसंबंधी ही लेखी तक्रार करीत आहे.

आरंभीच स्पष्ट करतो की, विनोदाला माझी हरकत नाही. किंबहुना पाहुण्यांना चर्चमागून चर्च दाखवून कंटाळा आणू नये म्हणूनच मी आपली सहल निवडली. ‘प्रौढांसाठी’ याचा अर्थ मुलांना न पेलणारा इतिहास मोकळेपणाने सांगितला जाईल असा मी घेतला होता, तर आपल्या मार्गदर्शकाने तो फेणीवरचे तेच ते विनोद असा घेतला. तेही मी सोडून देतो. परंतु हशा मिळवण्यासाठी त्याने जी माहिती दिली, ती सोडून देण्याजोगी नाही.

व्हाइसरॉयच्या कमानीखाली उभे राहून त्याने वास्को द गामाने गोवा जिंकल्याचे सांगितले. गोवा १५१० मध्ये आफोंसो द आल्बुकर्कने घेतला. कमानीवर वास्कोचा पुतळा आहे तो त्याच्या पणतूमुळे, कारण पुढे हा पणतू येथे व्हाइसरॉय होऊन आला आणि त्याने पणजोबांची आठवण नगराच्या प्रवेशद्वारावरच बसवली. यात विनोद नाही काय?

याहून गंभीर प्रकार से कॅथेड्रलपुढे घडला. आमचे मराठी बोलणे ऐकून त्याने, या चर्चचा दुसरा मनोरा संभाजी महाराजांच्या तोफांनी उडवला, असे ठोकून दिले आणि माझ्या साडूंनी टाळ्या वाजवल्या. तो मनोरा १७७६ मध्ये, म्हणजे महाराजांनंतर सुमारे शतकाने कोसळला. त्या टाळ्या मला घरी आल्यावर जेवणाच्या ताटावर परत घ्याव्या लागल्या आणि पाहुण्यांचा विरस झाला, तो वेगळाच. खरी हकीकत रस्ता ओलांडताच समोरच्या बॉम जेझू बॅसिलिकात सांगता आली असती. १६८३ मध्ये महाराज जवळच्या जुवे बेटापर्यंत आले, तेव्हा हादरलेल्या व्हाइसरॉयने सेंट फ्रान्सिस झेवियरची शवपेटी उघडवून आपला राजदंड संताच्या हाती ठेवला आणि नगर वाचवण्याची विनवणी केली. जिवंत अधिकारी मृत संताला कार्यभार सोपवतो, याहून अधिक नाट्य आणि विनोद कोणत्या मार्गदर्शकाला हवा असतो? त्या ठिकाणी मात्र आम्हाला केवळ सेल्फीसाठी दहा मिनिटे देण्यात आली.

कार्यक्रमपत्रिकेत पाच स्थळे होती. त्यांपैकी सेंट ऑगस्टीनचा मनोरा ‘ऊन फार आहे’ या सबबीखाली वगळला. पुरातत्त्व संग्रहालयाचे दार बंद होते, कारण ते दर शुक्रवारी बंदच असते. शुक्रवारच्या सहलीत ते छापणाऱ्याने एकदाही तेथे जाऊन पाहिले नसावे, असे म्हणणे मला भाग आहे. फोंड्याहून पणजीला जाणाऱ्या बसच्या खिडकीतून सारा जन्म जुने गोवे पाहिलेल्या माझ्यासारख्याला हे खटकले; परगावच्या ग्राहकाला ते कळलेही नसते, आणि माझी मुख्य तक्रार तीच आहे.

तरी न दाखवलेल्या दोन स्थळांपोटी माणशी ६०० रुपये, म्हणजे एकूण २,४०० रुपये परत करावेत, शुक्रवारच्या कार्यक्रमातून संग्रहालय काढावे आणि मार्गदर्शकांची संहिता इतिहासाच्या जाणकाराकडून तपासून घ्यावी. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल. पावतीची व कार्यक्रमपत्रिकेची प्रत सोबत जोडली आहे.

कळावे,
आपला,
एक ग्राहक, फोंडा